बोर्डवर पळतो, ब्रेडबोर्डवर रुसतो

प्रश्न : दादा, अहो-जाहो करू नका, मी तुमच्यापेक्षा लहान आहे. चार महिन्यांपूर्वी ८०५१ या मायक्रोकंट्रोलरचा (एका चिपमधल्या छोट्या कॉम्प्युटरचा) शिकण्यासाठी तयार मिळणारा ट्रेनर बोर्ड घेतला, त्यावर त्याच घराण्यातली एटी८९एस५२ ही आयसी आहे. सोबत आलेले सगळे सॅम्पल प्रोग्रॅम चालवून झाले, एलईडी, सेव्हन सेगमेंट, एलसीडी, कीपॅड, स्टेपर मोटर, सगळं मस्त चाललं. मग वाटलं आता आपलं आपण काहीतरी करू, म्हणून तीच आयसी काढून ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खोचायच्या भोकांच्या पाटीवर) लावली, घरात १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (चिपच्या घड्याळाला ठोके देणारा) पडला होता तो लावला, ५ व्होल्ट दिले आणि तोच प्रोग्रॅम. तर एलईडी इतके मंद की अंधारात बघावे लागतात, पोर्ट ० या आठ पिनांच्या गटावरचे तर लागतच नाहीत, सिरियलवर कॉम्प्युटरला नुसती चित्रविचित्र अक्षरं येतात, आणि कधी कधी सगळंच बंद पडतं आणि आयसीजवळ बोट नेलं की चालू होतं! मित्र म्हणतो बोर्ड विकून टाक, जुनाट आहे, वायफायवाला ईएसपी ३२ कंट्रोलर घे. मलाही वाटायला लागलंय की चार महिने फुकट गेले. विकू का?
- बोट लावून चालवणारा

उत्तर :

अरे बोट लावून चालवणाऱ्या,

पत्र वाचून आधी खूप हसलो, तुझ्यावर नाही रे, स्वतःवर, कारण "बोट नेलं की चालू होतं" हे वाक्य मी एकेकाळी अगदी असंच्या असं बोललोय आणि समोरच्या माणसाने एक शब्द न बोलता फक्त एक वायर लावून दाखवली होती. तीच वायर आज तुला देतो.

विकायचं नंतर बघू, आधी घोडं कुठे पेंड खातंय ते बघू. तू जी चार लक्षणं लिहिलीयस ना, ती चारही वेगवेगळ्या कारणांची आहेत, आणि गंमत अशी की चारही कारणांचं उत्तर तुझ्या बोर्डवर चार महिने तुझ्या डोळ्यासमोर सोल्डर करून ठेवलेलं होतं. तू वर लुकलुकणारे दिवे बघत होतास, खाली बोर्ड गुपचूप तुझी निम्मी कामं उरकत होता.

बोटापासून सुरू करू. आयसीची ३१ नंबरची पिन बघ, तिचं नाव ईए. पैज लावतो, ती तू मोकळी सोडलीयस. ही पिन चिपला सांगते की प्रोग्रॅम कुठून वाचायचा, ५ व्होल्टला बांधली तर आतल्या फ्लॅशमधून, ग्राउंडला बांधली तर बाहेर लावलेल्या मेमरीतून. आता कोण लावतंय बाहेर मेमरी, पण १९८० साली इंटेलने ८०५१ काढला तेव्हा त्याचा ८०३१ नावाचा एक भाऊ होता आणि त्याच्या पोटात प्रोग्रॅम ठेवायला जागाच नव्हती, बाहेर वेगळी ईप्रॉम, म्हणजे प्रोग्रॅम साठवणारी चिप, जोडावी लागायची, ही पिन त्या जमान्यातली. जमाना गेला, पिन राहिली, आणि ती अजूनही तुझ्या उत्तराची वाट बघते. मोकळी सोडली की ती धड शून्य नाही, धड एक नाही, आजूबाजूच्या वायरींच्या आणि तुझ्या बोटाच्या तालावर डोलत बसते, मग चिपला कधी वाटतं आतून वाचायचंय, कधी वाटतं बाहेरून, आणि बाहेर तर काहीच नाहीये, तिथून जो काही कचरा येईल तो हुकूम समजून ती पाळत सुटते. ३१ पासून ४० पर्यंत एक वायर टाक. बोट खिशात.

हे करतोच आहेस तर रिसेटकडेही एक नजर टाक, ९ नंबरची पिन. ८०५१ चा रिसेट वरच्या पातळीला होतो, म्हणजे पिन ५ व्होल्टवर असेपर्यंत चिप झोपलेली, खाली आली की जागी. म्हणून ९ पासून ५ व्होल्टकडे एक १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर (प्लसची बाजू ५ व्होल्टकडे) आणि ९ पासून ग्राउंडकडे १० के चा रेझिस्टर. सप्लाय आला की कॅपॅसिटर क्षणभर पिन वर धरतो, मग चार्ज होत होत हळूच खाली सोडतो. बोर्डवर रिसेटच्या बटणाशेजारी ही जोडी दिसेलच. आणि ४० आणि २० च्या मधे १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक, ज्यावर १०४ लिहिलेलं असतं तो, आयसीला जितका चिकटून लावता येईल तितका चिकटून. क्रिस्टलच्या दोन पायांना ३० पिकोफॅरडच्या आसपासचे दोन कॅपॅसिटर ग्राउंडकडे, आणि क्रिस्टल १८-१९ च्या शेजारी, लांब वायरीने टांगलेला नको.

एवढं सगळं झाल्यावर चिप जिवंत आहे का हे बघायला एलईडीवर विसंबू नको, एक सोपी युक्ती आहे. ३० नंबरची पिन, एएलई. तिच्यावर क्रिस्टलच्या एक षष्ठांश वेगाचे ठोके सतत पडत असतात, १२ चा क्रिस्टल असेल तर २ मेगाहर्ट्झ. ऑसिलोस्कोप नसला तरी साधा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून बघ, तिथे ना ० ना ५, मधलंच काहीतरी दिसलं की समज ऑसिलेटर चालतोय. ठार ० किंवा ठार ५ दिसलं तर प्रोग्रॅममध्ये डोकं घालू नकोस, क्रिस्टल, रिसेट आणि सप्लाय यांच्यात घाल. ही एक सवय तुझ्या कित्येक संध्याकाळी वाचवेल, कारण आपण सॉफ्टवेअरवाले नेहमी चुकीच्या टोकाला खोदत बसतो, प्रोग्रॅम सतरा वेळा वाचतो आणि घड्याळच बंद असतं.

आता एलईडी. तू ते पिनपासून रेझिस्टर, मग एलईडी, मग ग्राउंड असे लावलेत, बरोबर? बाकी बऱ्याच कंट्रोलरवर हे चालून जातं, म्हणून इंटरनेटवरची चित्रंही तशीच असतात. पण ८०५१ ची पिन खाली ओढायला दांडगी आणि वर ढकलायला अगदी अशक्त आहे. पोर्ट १, २, ३ च्या पिनांना आतून जो पुल-अप (पिनेला ५ व्होल्टकडे ओढून धरणारा) आहे तो नावापुरता, डेटाशीट (आयसीचं कंपनीने दिलेलं माहितीपत्रक) ६० मायक्रोअँपिअरला २.४ व्होल्टची हमी देतं, मायक्रो बरं का, मिलि नाही. एलईडी नीट दिसायला निदान १-२ मिलिअँपिअर तरी लागतात. म्हणजे तू मुंगीला पोतं उचलायला सांगितलंयस, तिने ते हलवलं हेच खूप झालं.

उपाय, एलईडी उलटा कर. ५ व्होल्टपासून रेझिस्टर, मग एलईडी, मग पिन. आता पिन शून्य झाली की लागेल, एक झाली की विझेल, प्रोग्रॅममध्ये उलटं लिहायचं एवढंच. पण इथे थांबू नको, रेझिस्टर कितीचा हे स्वतः काढ, कारण इथेच खरं शिकायला मिळतं. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, राहिले ३, एक के चा रेझिस्टर घातला तर ३ मिलिअँपिअर, चांगला उजेड. एका पिनला १० मिलिअँपिअरपर्यंत परवानगी आहे म्हणजे आपण निवांत. पण डेटाशीटमध्ये त्याच्याच खाली बारीक अक्षरात अजून एक ओळ आहे, की पोर्ट १, २, ३ यांच्यापैकी कुठल्याही पूर्ण पोर्टचे मिळून १५ मिलिअँपिअर, पोर्ट ० चे २६ आणि सगळ्या पोर्टांचे मिळून ७१. आठ एलईडी गुणिले ३ म्हणजे २४, गेलास की बाहेर. मग २.२ के घाल, एकेकाला १.३ च्या आसपास, आठांचे मिळून ११, आणि आजकालचे एलईडी तेवढ्यातही बऱ्यापैकी दिसतात. तुझ्या बोर्डवर हा हिशोब कोणीतरी आधीच केलेला आहे, एकतर पोर्ट आणि एलईडी यांच्या मधे बफर आयसी (करंटचा भार स्वतः पेलणारी) बसवलीय नाहीतर एलईडी उलटेच जोडलेत. कुठलं केलंय? मला पत्राने सांगू नको, बोर्डचं सर्किट उघड आणि स्वतः शोध.

पोर्ट ० चं दुखणं त्याच घराण्यातलं, पण एक पायरी पुढचं. त्याला आतून पुल-अप दिलेलाच नाही, ओपन ड्रेन म्हणतात त्याला, म्हणजे तो फक्त खाली ओढू शकतो, वर ढकलणं त्याच्या नशिबातच नाही. कारण परत तेच, बाहेरची मेमरी, हा पोर्ट ॲड्रेस आणि डेटा या दोन्हींसाठी आळीपाळीने वापरायचा होता. बोर्डवर या पोर्टाशेजारी काळ्या कंगव्यासारखा नऊ पायांचा एक तुकडा दिसेल, एका टोकाला ठिपका असलेला, तो म्हणजे एकाच पॅकमधले आठ रेझिस्टर, ठिपक्याचा पाय ५ व्होल्टला, बाकीचे आठ पोर्टाच्या आठ पिनांना. एलईडी उलटा केलास तर तो पुल-अपशिवायही लागेल, पण पोर्ट ० वर एलसीडी लावायचा असेल तर हा कंगवा हवाच. बऱ्याच जणांचा एलसीडी ब्रेडबोर्डवर काळे चौकोन दाखवून गप्प बसतो ना, त्यातल्या काही जणांचं मूळ इथे असतं, आणि बाकीच्यांनी कॉन्ट्रास्टची पिन तशीच सोडलेली असते किंवा एलसीडीला जागं व्हायला वेळच दिलेला नसतो.

आता सिरियल. हे मला सगळ्यात आवडतं, कारण यात चूक तुझी अशी नाहीच, आकड्यांची आहे. तुझ्या बोर्डवरचा क्रिस्टल नीट बघ, त्यावर बहुतेक ११.०५९२ लिहिलेलं असेल. तुला कधी प्रश्न पडला का की असला वेडावाकडा आकडा कोणी का घेईल? हिशोब करून बघू. ८०५१ क्रिस्टलच्या १२ ठोक्यांना एक मशीन सायकल करतो, म्हणजे ११.०५९२ मेगाहर्ट्झ भागिले १२, सेकंदाला ९,२१,६०० सायकल. सिरियलसाठी त्याला परत ३२ ने भागतात, २८,८०० आले. आता टायमर १ ला २५३ भरलं की २५६ पर्यंत मोजत तो दर ३ मोजणीला उलटतो, २८,८०० भागिले ३, बरोब्बर ९६००. एक दाणा इकडे नाही की तिकडे नाही. सॅम्पल प्रोग्रॅममध्ये टीएच१ मध्ये, म्हणजे टायमर १ चा आकडा भरायच्या जागी, हेक्समधलं (१६ च्या पायाने लिहिलेलं) एफडी भरलेलं असतं तेच हे २५३.

तू लावलास १२. १२ भागिले १२, दहा लाख, भागिले ३२, ३१,२५०, भागिले ३, झाले १०,४१६. म्हणजे साडेआठ टक्के घाई. एक अक्षर पाठवताना स्टार्ट बिट, आठ डेटा बिट आणि स्टॉप बिट असे दहा बिट जातात, पलीकडचा कॉम्प्युटर स्टार्ट बिटला घड्याळ जुळवतो आणि मग प्रत्येक बिटच्या मधोमध डोकावतो, तुझी घाई प्रत्येक बिटला साठत जाते, शेवटाकडे पोचेपर्यंत पाऊण बिटाहून जास्त फरक पडलेला असतो आणि तो भलत्याच बिटात डोकावतो. म्हणून कचरा. आणि एलईडीच्या ब्लिंकमध्ये तुला काहीच वेगळं का दिसलं नाही? तिथेही साडेआठ टक्के घाई होतीच की, पण अर्ध्या सेकंदाच्या ब्लिंकमध्ये एवढा फरक कोणाच्या डोळ्याला कळतो! त्यामुळे आपण म्हणतो, ब्लिंक तर बरोबर चालतंय म्हणजे क्रिस्टल ठीक आहे.

११.०५९२ चा क्रिस्टल आण, सरळ मार्ग. आणायला वेळ लागत असेल तर १२ वरच पीकॉन रजिस्टरमधला (चिपच्या आत सेटिंग ठेवायच्या एका कप्प्यातला) एसमॉड बिट एक कर, मग ३२ ऐवजी १६ ने भाग जातो, टीएच१ मध्ये २४३ भर, ६२,५०० भागिले १३, ४८०७ येतात, कॉम्प्युटरवर बॉड रेट ४८०० ठेव, मस्त चालेल. आणि टीएक्स आरएक्सला, आरएक्स टीएक्सला, आणि दोन्हीकडचं ग्राउंड एकमेकांना जोडलेलं, हे सांगायची गरज नसावी पण सांगून ठेवतो, निम्मा महाराष्ट्र ग्राउंड विसरतो. बोर्डवर नऊ पिनांचं जुनं सिरियल सॉकेट असेल तर त्याच्यामागे मॅक्स २३२ आयसी बसलेली असते व्होल्टेज बदलून द्यायला, त्या सॉकेटची वायर थेट कंट्रोलरच्या पायाला कधीही लावू नकोस, तिथे उणे व्होल्टेजही येतं.

तर झालं. चारही लक्षणं संपली आणि एकातही बोर्डचा दोष निघाला नाही. आता बोर्ड विकणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. पण बोर्ड चार महिने ज्या पद्धतीने वापरलास ती पद्धत मात्र बदलायला लागेल, आणि यात तुझाही फार दोष नाही, सोबत येणारं पुस्तकच तसं असतं, प्रयोग १, जंपर इथे लावा, प्रोग्रॅम टाका, निरीक्षण करा, प्रयोग २. माणूस टीव्ही बघतो तसे आपण बोर्ड बघतो.

मी सांगतो ते कर. बोर्ड तसाच ठेव आणि एका वेळी त्यातला एकच भाग बाहेर ब्रेडबोर्डवर काढ. आज नुसता कंट्रोलर बाहेर आणि एलईडी बोर्डवरचेच, जंपर काढून वायरीने जोडलेले. उद्या उलटं, कंट्रोलर बोर्डवर आणि एलसीडी बाहेर. ग्राउंड मात्र कायम दोन्हीकडचं एक. याचा फायदा काय, तर अडलं की तुला खात्री असते की घोळ बाहेर काढलेल्या भागातच आहे, कारण बोर्डवरचा अर्धा भाग चार महिने चालताना तू पाहिलायस. तू सगळं एकदम बाहेर काढलंस, चार चुका एकत्र झाल्या, एकमेकींच्या आड लपल्या आणि तुला वाटलं सगळंच बिघडलं. चालणारा अर्धा हाताशी असणं ही नवशिक्याला मिळणारी सगळ्यात मोठी चैन आहे, ती विकायला निघालास.

दुसरं, सॅम्पल प्रोग्रॅम कॉपी करायचे नाहीत, पण त्यातली एकही ओळ न कळता उडवायचीही नाही. माझा किस्सा सांगतो. डीएस१३०७ नावाची घड्याळाची आयसी बऱ्याच ट्रेनर बोर्डांवर असते, शेजारी नाण्यासारखा सेल आणि ३२.७६८ किलोहर्ट्झचा छोटा नळीसारखा क्रिस्टल. मी ती वेगळी आणून ब्रेडबोर्डवर लावली, सॅम्पल प्रोग्रॅममधून मला पटेल तेवढंच उचललं, आपण हुशार ना. तास, मिनिटं, तारीख सगळं वाचता येत होतं पण सेकंद ०० वर चिकटलेला. क्रिस्टल बदलला, आयसी बदलली, सेल काढून घातला, तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या दिवशी डेटाशीट पहिल्यापासून वाचायला घेतलं तर त्यात लिहिलेलं, सेकंदाच्या रजिस्टरचा सगळ्यात वरचा बिट एक असेल तर घड्याळ थांबलेलं असतं, आणि नवीन आयसीला पहिल्यांदा सप्लाय दिला की तो बिट एकच असतो. म्हणजे आयसी मला हेक्समधलं ८० पाठवत होती, ओरडून सांगत होती की मी बंद आहे, आणि मी सॅम्पलमधून उचललेली तो बिट झाकणारी ओळ इमानदारीत ठेवली होती आणि तो बिट शून्य करणारी सुरुवातीची ओळ "हिचा काय उपयोग" म्हणून उडवली होती. आयसी दुसरी आणली तरी तीही नवीनच, तीही बंदच. त्या दिवसापासून मी कुठलंही रजिस्टर पहिल्यांदा वाचताना जसं येईल तसं कच्चं सिरियलवर छापून बघतो, सुंदर करायचं नंतर.

तुझ्या बोर्डवर अशा अजून बऱ्याच झाकलेल्या मुठी असतील. एडीसी ०८०४ (व्होल्टेजचा आकडा करून देणारी आयसी) असेल तर तिच्या शेजारी स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा एक छोटा प्रीसेट शोध. ती ८ बिटची, ५ व्होल्टचे २५६ भाग, एक भाग साडेएकोणीस मिलिव्होल्ट, आणि एलएम ३५ तापमानाचा सेन्सर देतो अंशाला १० मिलिव्होल्ट, म्हणजे तापमान दोन-दोन अंशांच्या उड्या मारेल. पण एडीसीची एक पिन असते रेफरन्सच्या निम्म्याची, तिथे तो प्रीसेट फिरवून १.२८ व्होल्ट दिले की पूर्ण माप २.५६ चं होतं, एक भाग १० मिलिव्होल्ट, आणि एडीसीतून आलेला आकडा हाच सरळ अंश! प्रोग्रॅममध्ये भागाकार नाही, गुणाकार नाही. सॅम्पल प्रोग्रॅम एवढा छोटासा का आहे याचं उत्तर त्या प्रीसेटमध्ये आहे, आणि ब्रेडबोर्डवर तो न लावता तोच प्रोग्रॅम टाकलास तर खोलीचं तापमान निम्मं दाखवेल आणि तू सेन्सरला शिव्या देशील.

डिले लूप मात्र आता बंद कर, सॅम्पलमध्ये सगळीकडे डिलेच असतो आणि डिलेच्या काळात चिप दुसरं काही करत नाही. टायमर इंटरप्टवर (टायमर भरला की चालू काम थांबवून चिपला मारलेली हाक) एक सेकंद काढ. ११.०५९२ वर एक मोजणी १.०८५ मायक्रोसेकंदाची, टायमर १६ बिटचा, पूर्ण भरला तरी ७१ मिलिसेकंदच होतात, सेकंद एका दमात निघतच नाही. मग ५० मिलिसेकंद घे, त्यासाठी लागतात ४६,०८० मोजण्या, ६५,५३६ मधून वजा केलं की हेक्समध्ये ४सी००, आणि असे २० झाले की एक सेकंद. यावर सेव्हन सेगमेंटचं घड्याळ बनव, चारही आकडे एकाच वेळी लागल्यासारखे दिसतात पण खरं तर एका वेळी एकच लागतो हे तुला माहीत असेलच, दर ५ मिलिसेकंदाला आकडा बदलला की डोळा फसतो. पहिल्यांदा शेजारच्या आकड्याची पुसट सावली दिसेल, ती का येते आणि बदलायच्या आधी क्षणभर सगळं विझवलं की का जाते यावर मुद्दाम जास्त लिहीत नाही. मग ते घड्याळ आणि डीएस१३०७ शेजारी शेजारी रात्रभर चालू ठेव आणि सकाळी फरक बघ. फरक पडणारच, कुठून आला ते शोधायला लाग, इंटरप्टमध्ये टायमर परत भरेपर्यंत दरवेळी काही सायकल निसटतात इथपासून सुरुवात कर. इंटरप्टमध्ये बदलणारा आणि बाहेर वाचला जाणारा व्हेरिएबल व्होलटाइल करायचा, नाहीतर कंपायलर त्याला शहाणपणा करून रजिस्टरमध्ये अडकवून ठेवतो आणि तुझा मेन लूप जन्मभर वाट बघत बसतो.

कीपॅडचं एकच सांगतो, बटण दाबलं की आकडा एकने वाढव, एवढाच प्रोग्रॅम कर आणि पन्नास वेळा दाब. आकडा ५० येत नसेल तर बटण उड्या मारतंय, बाऊन्स म्हणतात ते. १०-२० मिलिसेकंद थांबून परत वाचायचं. सोपं आहे, पुढे चल.

आता मित्राबद्दल. तो अगदीच चुकीचं बोलत नाहीये. ईएसपी ३२ ला वायफाय आहे, ब्लूटूथ आहे, ५२० किलोबाइट रॅम आहे, तुझ्या एस५२ कडे २५६ बाइट आहे, बाइट हां, किलो नाही. पण तिथे तुझ्या आणि चिपच्या मधे लायब्ररींची इतकी जाड गादी असते की खाली काय चाललंय ते कळायला तुला तुझ्या बोर्डपेक्षा जास्त खणावं लागेल. बोर्डवर निदान सर्किट तरी डोळ्याला दिसतं. शिवाय ती ३.३ व्होल्टची, तुझ्या बोर्डवरचं ५ व्होल्टचं काहीही तिच्या पिनेला थेट लावलंस तर वाट लागू शकते. घे की, पण याच्या बदल्यात नको, याच्या नंतर घे. माझं स्वतःचं मत विचारशील तर त्याच्याही आधी एखादा ३२ बिटचा कॉर्टेक्स-एम चा असा बोर्ड घे ज्याच्यावर डीबगर बसवलेलाच आहे, एसटीच्या न्यूक्लिओ बोर्डांवर असतो तसा. प्रोग्रॅम मधेच थांबवून रजिस्टरमध्ये काय आहे ते बघता येणं, एकेक ओळ पुढे सरकवता येणं, हे तुझ्या एस५२ वर नाही, आणि एकदा ते हातात आलं की आपण इतके दिवस आंधळी कोशिंबीर खेळत होतो असं वाटतं. ८०५१ वर म्हातारा होऊ नको. पण कंट्रोलर, एलसीडी, आरटीसी (ती डीएस१३०७ घड्याळाची आयसी) आणि एडीसी हे चार भाग बोर्डच्या बाहेर स्वतःच्या हाताने उभे राहिले की मगच हलव मुक्काम, रोज तासभर बसलास तर महिना-दीड महिन्यात होईल. तेव्हाही बोर्ड विकायचा असेल तर खुशाल विक, मी तर माझा अजून ठेवलाय, एखादी नवी आयसी खरी आहे की मेलेली हे बघायला बरा पडतो.

जाता जाता एक. आयसी सारखी बोर्डवरून काढणार आणि परत बसवणार असशील तर स्क्रूड्रायव्हर घालून एका बाजूने उचकटू नको, दोन्ही टोकांनी थोडं थोडं उचल, दांडी असलेलं सॉकेट असेल तर प्रश्नच नाही. आणि बसवताना वरची अर्धगोल खाच कुठल्या बाजूला आहे ते दोनदा बघ, कारण चाळीस पायांची ही आयसी उलटी बसली की ४० नंबरचा पाय २० च्या जागी जातो आणि २० चा ४० च्या, म्हणजे ५ व्होल्ट आणि ग्राउंडची बरोब्बर अदलाबदल. त्या वेळी बोट जवळ नेलंस तर चालू होणार नाही, चटका बसेल.